एकसष्ट ठिकाणी नाव

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९९६

चि. नीरज यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं अमेरिकेचं पत्र मिळालं. इकडे पाण्याचे हाल तसेच, टँकरच्या मागे धावतेय. समोरची हंसाबेन विचारते, "तुम्हारा भाई कब आयेगा?" मी म्हटलं, मुझे क्या मालूम.

तू लिहिलंस, डोक्याला वायरी लावून मेंदूचं ऐकायचं काम आता जपान, जर्मनी सगळीकडे जोरात चाललंय, आणि ह्यांच्यावर लिहिलेल्या तुझ्या पेपराचं एकसष्ट ठिकाणी नाव घेतलंय. मी चौथी शिकलेली बाई. मला वाटलं, ह्यांचंच नाव. केबिन रोडवरून पेढे आणले. ह्यांना गिळता येत नव्हतं, म्हणून नुसता ओठाला लावला. कानात सांगितलं, "अहो, जगात एकसष्ट जणांनी तुमचं नाव घेतलं." डोक्यातली नस फुटल्यापासून तीन वर्षं लाकडासारखा पडलेला माणूस. काय कळलं असेल कोण जाणे.

मग शेजारच्या रसिकाने पत्रासोबत आलेला तुझा पेपर वाचला. म्हणाली, "काकू, ह्यात काकांचं नावच नाही. पेशंट नंबर चार लिहिलंय." आणि ते एकसष्ट जण घेतात ते नाव तुझं. तशी पद्धतच असते म्हणे. असेल.

तपासणीच्या दिवशी ह्यांच्या डोक्याला वायरी लावून तू म्हणालास, "अक्का, भावजींना नावाने हाक मार." तीन डॉक्टर उभे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच नाव, परत कधी नाही. मी "अहो" म्हटलं. यंत्राची सुई कागदावर सरळ. तू खेकसलास, "अहो म्हणजे कोणीही!" मग नर्सने नावाने हाक मारली आणि सुई उडाली. म्हणजे ऐकत होते. परक्या बाईचं ऐकलं. माझं नाही. तेच तू जगभर सांगितलंस.

मागच्या मंगळवारी सकाळी हे गेले. आधीच लिहायचं होतं, हात वळला नाही. श्वास अडकायला लागला तशी मी लाज सोडली. "बबन! अहो बबन!" सगळी चाळ गोळा झाली. किती वेळा ओरडले माहीत नाही. वायर नव्हती, कागद नव्हता. सुई हलली असती का रे?

तुझ्या एकसष्ट जणांना विचार. कोणाला माहीत असेल तर कळव. नाहीतर पत्र पाठवू नकोस.

आजवर नुसतं अक्का लिहायचे. आता सही पुरी करते.

गिरिजा बबन राऊत