गाडी न्यूट्रलला सापडली

प्रिय पुंजा,

पत्र बघून आधी घाबरशील. पोस्टमन दारात आला म्हणजे कोणीतरी गेलं, असं तुझं ठाम मत. कोणी गेलेलं नाही. आई श्रावणात गेली ते तुला ठाऊकच आहे. तू आला होतास, नेहमीसारखा अंगणाबाहेर चपला हातात धरून उभा राहिलास आणि तसाच सुरगाण्याची गाडी धरलीस. त्या दिवशी तरी मी तुला आत बोलवायला हवं होतं. दत्तूला जाऊन नऊ वर्षं झाली आणि नऊ वर्षं तू तसाच बाहेर उभा आहेस, माझा भाऊ तुझ्या हातून गेला असं मनात धरून. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. पण मला एकदम तिथवर पोचता येत नाही, थोडं सांभाळून घे.

गॅरेज आहे तिथेच आहे, दिंडोरी नाक्यावर. आता कॉम्प्युटर लावून तपासायच्या गाड्या येतात, त्या मी दारातूनच वाटेला लावतो. जुन्या जीपा राहिल्यात तोवर माझं चालेल. गुडघे गेले, गाडीखाली सरकलो की बाहेर यायला कोणीतरी ओढावं लागतं. तुझी जीप पहिल्यांदा आली तेव्हा हे गुडघे धड होते आणि तोंडही फार चालायचं. डोंगरातला माणूस म्हणून मी तुझी टर उडवली होती, आठवतं? तुला म्हणालो, बाबा, याला ॲक्सिलरेटर म्हणतात. तू नुसता हसलास, गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणलीस आणि मागच्या जॉइंटचा आवाज येतो म्हणून सांगितलंस. खाली जाऊन बघतो तर खरंच जॉइंट सैल. त्या दिवसापासून तुझी टर उडवायची मला भीती वाटायला लागली.

सुरगाण्याच्या घाटरस्त्यावर प्रवासी जीप चालवणारे सगळे ड्रायव्हर उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायचे. डिझेल वाचतं म्हणून. काही तर चावीही बंद करायचे आणि अंधारातल्या घुबडासारखे गुपचूप घाट उतरायचे. सबंध रस्त्यावर एक तू होतास ज्याने हे कधी केलं नाही. तुला भित्रा म्हणायचे, म्हातारी म्हणायचे. तू म्हणायचास, "भिमादा, न्यूट्रलला टाकलेली गाडी म्हंजे सोडलेला बैल. तो मंग कोनाचाच नाय." हे मी माझ्या कानांनी शंभर वेळा ऐकलंय. कोर्टात हे एक वाक्य सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

दत्तू गेला त्या शुक्रवारचं तुला काहीच आठवत नाही. सकाळी घरून निघाल्याचं आठवतं आणि मग एकदम सिव्हिलचा पंखा. मधला सबंध दिवस डोक्याच्या टाक्यांबरोबर गेला. पंचनाम्यात लिहिलं की गाडी न्यूट्रलला सापडली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळेच तसं चालवतात. पुंजाही तसाच निघाला, म्हणाले. तू स्वतःही म्हणालास की टाकली असेल बाबा मी, मला काय आठवतंय. दीड वर्ष नाशिक रोडच्या जेलात काढलंस, लायसन गेलं, जीप गेली. आता दिवाळी झाली की टोळीबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला येतोस, दुसऱ्याच्या गाडीत मागे उभा राहून. तो हरवलेला दिवस माझ्याकडे आहे, पुंजा. सगळाच्या सगळा आहे. आज तो तुला देतो.

क्लच आदल्या दिवशी सुटला होता, चढाला गाडी ओढत नव्हती. तू गाडी माझ्याकडे सोडलीस आणि मी नवी प्लेट आणली. शुक्रवारी सकाळी मी आणि दत्तू गिअरबॉक्स चढवायला बसलो. आमच्याकडे तेव्हा स्टँड नव्हता. मी खाली आडवा होऊन बॉक्स छातीवर घ्यायचो आणि दत्तू वरून, सीटजवळच्या भोकातून, दोरीने बॉक्सचं शेपूट उचलून धरायचा. शाफ्ट प्लेटच्या भोकात शिरला की बोल्ट लागेपर्यंत बॉक्सचं वजन हातावरच राहिलं पाहिजे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वजन शाफ्टवर आलं की प्लेट मधोमध वाकते. शाफ्ट शिरला आणि तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. पिंपळगावचे एक बागाईतदार नवीकोरी मारुती घेऊन आले होते, पहिल्यांदाच. मी दत्तूला म्हणालो, धर जरा, आणि सरकून बाहेर आलो. त्यांच्याशी हसून बोललो, खुर्ची पुसून दिली. परत गेलो तेव्हा दत्तू दोरी पुन्हा हाताला गुंडाळत होता. तो म्हणाला, "दादा, दोरी निसटली व्हती. बॉक्स शाफ्टवर लटकला व्हता. खोलून बघायचं का?" मी म्हणालो, गप बोल्ट आवळ.

दुपारी तू आलास. चालू गाडीत पहिला गिअर टाकायला गेलो तर दातांवर कानस घासावी तसा आवाज. रिव्हर्स तर पडेचना. मग मी सगळे सोपस्कार केले. पॅडलचा मोकळा खेळ काढला, रॉड आवळला, आणखी आवळला, फोर्क बघितला. एंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. चालू केलं की पुन्हा बोंब. याचा अर्थ एकच असतो, पॅडल दाबलं तरी प्लेट सुटत नाही. महिनाभर गॅरेजात काम केलेल्यालाही तो कळतो. मला तर कारणही ठाऊक होतं. पुन्हा बॉक्स उतरवायचा, प्लेट बदलायची, संध्याकाळ झाली असती, एवढंच.

आणि तू तेच म्हणालास. "आज ऱ्हाऊ दे भिमादा. घाट हाय. उद्याला नेतो." तुझ्या तोंडचे शब्द आहेत हे. तू नाही म्हणाला होतास, पुंजा. मीच तुला पाठवलं. ते बागाईतदार खुर्चीत बसून सगळं बघत होते. सकाळी बसवलेलं काम दुपारी मलाच त्यांच्यासमोर खोलावं लागलं असतं, आणि ते मला होईना. एवढ्याशा लाजेपायी मी हसलो आणि म्हणालो, नवी प्लेट आहे, शंभर किलोमीटर पळाली की बसते. तुझी सीटं नाक्यावर सकाळपासून ताटकळत होती, तेही मीच तुला ऐकवलं. तरी तू गाडीकडे बघत उभा होतास. तेव्हा मी दत्तूला हाक मारली, त्याच्या हातात पाना दिला आणि सांगितलं, याच्याबरोबर जा, वाटेत लागलं तर रॉड आवळून दे. सख्ख्या भावाला बरोबर देतोय म्हटल्यावर तुझी शंका फिटली. मग एंजिन बंद ठेवून पहिला टाकलास आणि तसाच सेल्फ मारून निघालास.

पुढचं मला बयाबाईने सांगितलं. पुढच्या सीटवर तुझ्या आणि दत्तूच्या मध्ये बसलेली म्हातारी, जिचा पाय मोडला होता. सिव्हिलमध्ये तिने माझा हात धरून सांगितलं, "डायवर दांडा हानत व्हता, दांडा जात नव्हता. तुझा भाऊ बी दोनी हातांनी लावू लागला. बिरेक दाबून दाबून धूर निंघाला." तिसऱ्यातून दुसरा घ्यायला गेलास, तिसरा सुटला आणि दुसरा पडलाच नाही. भरलेली जीप उतारावर मोकळी झाली. तू ती डोंगराच्या अंगाला घालायला बघितलीस, दरीच्या अंगाला नाही, म्हणून अकरा माणसं हातपाय मोडून का होईना जगली. दत्तू ज्या बाजूला बसला होता ती बाजू दगडावर गेली. बयाबाईला पोलिसांनी विचारलंच नाही. दोन वर्षांनी ती तिच्या पाड्यावर वारली.

मला मात्र विचारलं. मी सांगितलं, क्लच ओके होता, मीच बसवला, ट्रायल घेऊन दिला. भाऊ? भाऊ सहज गेला होता, फिरायला. सही केली. सहा महिन्यांनी पोलीस ठाण्यातून जीपचा सांगाडा सोडला तो माझ्याकडेच आणला गेला. शटर ओढून घेतलं आणि एकट्याने बॉक्स उतरवला. प्लेट हातात घेऊन उजेडाला धरली. वाकली होती. जेवढी वाटली होती त्याहून जास्त. तीही भंगारात घातली आणि हात धुतले.

गप्प का बसलो ते सांगतो, पण ते खरं धरू नकोस. आई होती. एक मुलगा गेला होता, दुसऱ्याने त्याला घालवला हे ती कशी सोसणार, असं मी मनाशी म्हणत राहिलो. ती तुला शिव्याशाप द्यायची, तुझं नाव निघालं की ताटावरून उठायची, आणि मी तिला म्हणायचो, जाऊ दे आई, चुकतं माणसाचं. माझं मन केवढं मोठं! नाक्यावर लोक मला देवमाणूस म्हणायला लागले, भावाचा जीव घेणाऱ्याला माफ केलं म्हणून. आणि पुंजा, मला ते आवडायचं. जेलातून सुटल्यापासून दरवर्षी दत्तूच्या तिथीला तू यायचास, माझ्या पायाला हात लावायचास आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायचो. तो हात कसा ठेवला गेला, हे मला सांगता येत नाही. आता आई गेली. तुला शाप देतच गेली. मला वाटलं होतं ती गेली की सांगेन, आणि ती गेल्यावर दोन महिने मी नवीन कारण शोधत होतो.

गेल्या रविवारी तुझी मैना आली. गंगापूर रोडला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली, हॉस्टेलच्या फॉर्मवर इथल्या पालकाची सही हवी होती. बाबाला न सांगता आले, म्हणाली. मी विचारलं, का गं? तर ती खाली बघून म्हणाली, "काका, त्याने तुमचा भाऊ मारला, तरी तुम्ही माझ्या कागदावर सही करता. मला शाळेत खुनी डायवरची पोर म्हनत. मी त्याच्याशी बोलत नाय, पाच वर्सं झाली." हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पोर तुझ्याशी पाच वर्षं बोलत नाही आणि तू दरवर्षी येऊन माझ्याच पायाला हात लावत होतास. मी सही केली. तिला चहा पाजला. तेव्हाही बोललो नाही.

एसटीत बसून चार तासांत तुझ्या दारात आलो असतो. येऊन सांगितलं असतं, तर तू मला पाणी दिलं असतंस, मग जाऊ दे भिमादा म्हणाला असतास आणि सगळं गिळून टाकलं असतंस. मैनाला एका शब्दाने कळू दिलं नसतंस. मी तुला ओळखतो. म्हणून कागदावर लिहिलं. तुला सहीपुरतीच अक्षरं येतात आणि तुझ्या घरात वाचणारं माणूस एकच आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी असेल, हे तिलाच विचारून ठेवलंय. तेव्हा मैना, इथवर तूच वाचत आली आहेस. हे तुझ्या तोंडून त्याच्या कानावर जावं, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. खाली पूर्ण नाव घालतो, पोलिसांत, कोर्टात, गावात, जिथे दाखवायचं तिथे हा कागद दाखव, मी नाही म्हणणार नाही. आता कागद बाजूला ठेव, पोरी, आणि त्याला बाबा म्हणून हाक मार. त्याने कोणालाही मारलेलं नाही.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
भिमाजी रंगनाथ थेटे