बाबांच्या उशाशी ठेवायचं यंत्र

कोलशेत, ठाणे
१२ मार्च १९९४

प्रिय राघो,

त्या दिवशी आयएसडी बूथवरून तुला बाबा गेल्याचं तेवढंच सांगितलं. राहिलेलं आज लिहिते.

तुझं अमेरिकेतलं काम बाबांना नीट समजलं होतं. अंतराळयानात धूळ खाली बसत नाही. कपड्यांचे धागे, कातडीचे कण हवेत तरंगत राहतात, माणसांच्या डोळ्यांत, छातीत जातात, म्हणून पंखे ती हवा ओढून बारीक जाळीतून गाळतात, हे तू शेवटचा आलास त्या गणपतीत ओटीवर बसून सांगितलं होतंस. तेव्हापासून खाडीवर भेटेल त्याला ते ऐकवायचे, माझा राघो वारा गाळतो. शेजारची मालनकाकी हसली, तर तिला पुन्हा पहिल्यापासून.

खाडीतली मासळी कमी झाल्यावर बाबा खडीच्या क्रशरवर लागले, ते तुझं कॉलेज संपेपर्यंत. मागच्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो बघून सांगितलं, छातीत दगडाची पूड बसली आहे, ती आता निघायची नाही. घरी परतताना माजिवड्याला रिक्षा थांबवून बाबांनी मला बजावलं, "राघोला यातलं काही कळता कामा नये." तुझा फोन यायचा तेव्हा आधी गरम पाणी प्यायचे, खोकला दाबून दोन वाक्यं बोलायचे आणि रिसिव्हर माझ्या हातात द्यायचे. तुला वाटलं असेल, बाबा तुटक वागतात. तसं नव्हतं रे.

परवा आपल्या आळीतला दौलत मालाच्या बोटीवरून सुट्टीला आला, बाबा असताना तू तिकडच्या बंदरात त्याच्याकडे दिलेलं खोकं घेऊन. तू स्वतः बनवलेलं, बाबांच्या उशाशी ठेवायचं हवा गाळायचं यंत्र. दारातूनच सांगायला लागला, "राघो म्हणाला, बाबांचा खोकला मला फोनवर ऐकू येतो. पण मला कळलंय हे त्यांना सांगू नका." हार घातलेला फोटो त्याला त्यानंतर दिसला. मग तो खोकं मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.

ते उघडायचा मला धीर झाला नाही. काल उघडलं आणि आईच्या उशाशी लावलं. तिनेही त्याच क्रशरवर घमेली उचलली होती, हे आपण कुणी ध्यानातच घेतलं नाही. महिनाभर खोकते आहे. रडून घसा बसला असेल, असं म्हणत मी दिवस काढले. आता डॉक्टरांनी तिच्याही छातीचा फोटो काढायला सांगितलाय. आई म्हणते तुला कळवू नको. मी कळवते आहे. यंत्र चालतंय. त्याची जाळी केव्हा बदलायची, मला ठाऊक नाही. ते पत्रात लिहू नकोस, राघो. येऊन तूच बदल.

तुझीच,
हेमाताई