तुमच्या बोटाखालचा शब्द

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर तुमच्यासाठी लिहिली, तुम्हाला कधीच नाही. तुम्ही समोरच होता, मग लिहायचं कशाला? तोंडं होतीच की दोघींना, आणि ती आपण चांगली वापरली!

आज लिहायचं कारण ऐका. काल वन्संचं कार्ड आलं, तुमच्या सखूचं. मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्या आणि त्यांचे मालक, दोन्ही लेकरांना घेऊन, कायमचे इकडं वऱ्हाडात यायचं म्हणतात. गावाकडचं शेत विकायला काढलंय. गिऱ्हाईक ठरलंय, पाडव्यानंतर कागद व्हायचा, एवढंच राहिलंय. "आईनं शेवटच्या पत्रात या म्हणून लिहिलं होतं. तिचा शब्द आता मोडवत नाही," असं लिहिलंय त्यांनी.

कार्ड वाचून चुलीपुढं बसले ती बसलेच. डाळ खाली लागली, घरभर वास सुटला, तरी उठवेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं शाळावाले, नाक हाय का गहाण ठिवलंय?"

उद्या गुरुवार. काल आलेला टपालवाला पुन्हा गावात येणार. त्याच्या हाती उत्तर द्यायचं, नाहीतर वन्संचं शेत गेलंच म्हणून समजा. पण त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. कारण तुम्ही जे सांगितलंत आणि मी जे लिहिलं, त्यात फरक होता. ते सांगतेच. जरा दम धरा. तेवढा धीर यायला मला थोडं मागचं बोलावं लागेल.

आपण आलो तो दिवस आठवतो का हो? मुर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसलो. तुमच्या मांडीवर बियांची गाठोडी. घेवडा, गवार, मेथी, काटेरी वांगी. आणि पायाशी तो पाटा! "दुसऱ्या इलाख्यात पाटा मिळतो का न्हाई कुणाला ठावं," म्हणून तुम्ही हट्टानं आणलेला. दर्यापूरच्या स्टेशनावर तुमच्या लेकानं तो डोक्यावर घेतला आणि निम्म्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की वरवंटा गावाकडंच राहिला. केवढे हसलो होतो आपण! धुळीच्या रस्त्यात, परक्या मुलखात, तिघंही पोट धरून.

शेजारच्या देवकाबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा जुना वरवंटा आणून दिला. "घ्या वं बाई, आमच्या घरी दोन हायेत. दगडासाठी काहून अडून राहिल्या?" तुम्हाला ते बोलणं उद्धट वाटलं. दिवसभर धुसफुसत होता. वरवंटा मात्र ठेवून घेतलात.

मला अजून एका गोष्टीची लाज वाटते. जमीन बघायला गेलो तेव्हाची. काळीभोर माती, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि सगळ्या शिवारात एक विहीर नाही! एक मोट नाही! हे म्हणाले, "आई, ह्या लोकांना कष्टच नकोत. एवढी लोण्यासारखी जमीन, आणि नुसती पावसावर टाकून बसलेत." आपण दोघी हसलो. आपण माळी माणसं. जमीन म्हटली की आधी विहीर, मग वाफे, मग दारं धरायची. आपल्याकडं भावकीत पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात, म्हणून तर गाव सोडला. अख्ख्या गावात कुणीच विहीर खणत नाही, तर का खणत नाही, हे विचारायचं एकालाही सुचू नये? तिघांत मिळून एक तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

नाही उघडलं. खणली विहीर. दिवाळीपर्यंत खणत होतो. मी मातीच्या पाट्या ओढून ओढून हातांची सालं काढली.

आणि पाणी लागलं! नारळ फोडला, गूळ वाटला. पहिली ओंजळ देवाला, दुसरी घरातल्या थोरल्या माणसाला, ही आपली रीत. ह्यांनी तांब्या तुमच्या हातात दिला. तुम्ही प्यालात, आणि थांबलात. एवढंसंच थांबलात, पण मी समोर होते, मी बघितलं. मग म्हणालात, "गोड हाय रं बाबा! शहाळ्यावानी गोड हाय!"

मग हे प्याले. मग मी प्याले. थोरल्या माणसानं गोड म्हटल्यावर खारट कोण म्हणणार? देवकाबाईंच्या मालकांनी गूळ घेतला, पाण्याला हात नाही लावला. गावाला हे पाणी ठाऊक होतं, हे तेव्हा तरी कळायला हवं होतं.

मेथी दोन पानांवर आली आणि कडेनं जळाली. वांग्याची रोपं माना टाकून बसली. वाफ्यात मिठाची पांढरी खपली धरली. मी देवकाबाईंकडं गेले, रडत रडतच. त्या म्हणाल्या, "हा खारपाणपट्टा हाय, बाई. इथं इहीर खंदत नाई कोनी. जितकं खोल जाशीन, तितकं मीठच लागते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं काहून नाई? तुमचे मालक तर आमालेच आळशी म्हणत होते!"

तशीच घरी येऊन तुमच्यावर राग काढला. "तुम्हाला पहिल्या घोटाला कळलं होतं. तेव्हाच का नाही बोललात?" तुम्ही पाट्यावर मिरची वाटत होता. वर न बघता म्हणालात, "त्याचं तोंड बघितलंस का तवा तू? मी बघितलं." त्यावर मी बोलले ते बोलायला नको होतं. चार दिवस तुम्ही माझ्या हातची भाकरी खाल्ली नाहीत. पाचव्या दिवशी मागून घेतलीत, तीही "मीठ कमी हाय" म्हणत! खारपाणात राहून मीठ कमी! मला हसू आलं आणि भांडण मिटलं.

घर बांधतानाही तेच. आपल्याकडच्यासारखा हातभर पाया काढला. उन्हाळ्यात जमीन फाटली, तिच्याबरोबर भिंतही फाटली. आत बसून बाहेरची बैलगाडी दिसायची. बाजरी मिळेना, तुम्हाला ज्वारीची भाकरी गोड लागेना. प्यायचं पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून आणायचं, तेही वाटी वाटीनं भरून. तुम्ही झिऱ्यावर बसून वाटी धरायचात, मी घागर वाहायची. बाजारात मी "कोथिंबीर घ्या, कोथिंबीर" ओरडत बसले, कुणी फिरकलं नाही, शेवटी यमूनं सांगितलं की आई, इथं सांबार म्हणतात. एवढीशी पोर दोन महिन्यांत त्यांच्यासारखी बोलायला लागली. तिनं "आजी, मले भूक लागली" म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी. "हिला इथंच द्यायची का काय आता? आपल्यातली सोयरीक कुठनं आणायची हितं?"

वाफे गेले, मग ह्यांनी चारचौघांसारखी पऱ्हाटी लावली. कापूस निघाला की हंगामभर अकोल्याला, सरकी काढायच्या जिनात कामाला जायचे. घरात आपण दोघी आणि यमू.

आणि महिन्याला एक कार्ड. वन्संना.

तुम्ही मिश्री लावत बसायचात, मी मांडीवर यमूची पाटी घेऊन त्यावर कार्ड ठेवायची. "लिव्ह. पानी गोड हाय. वांगी ढिगानं उतरल्यात. घर ऐसपैस हाय." मी म्हणायची, आत्याबाई, हे खोटं आहे. "लिव्ह गं, शाळावाले! माझा ल्योक भावकीत ताठ मानेनं गाव सोडून आलाय. त्याला खाली बघाया लावू?" लिहिलं की, "वाच आता." वाचलं की, "गोड कुठं लिवलंस? दाव." मी तुमचं बोट धरून त्या शब्दावर ठेवायची. तुम्ही बराच वेळ बोट तसंच ठेवायचात. मग कार्ड द्यायचात.

आता येते त्या गोष्टीवर. कार्तिकात तुम्ही अंथरूण धरलंत. हे अकोल्याला. तेवढ्यात वन्संचं पत्र आलं, गावाकडं भावकीचा जाच वाढलाय, तुमचं एवढं बरं चाललंय, तर आम्हीही येऊ का? मी वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून पडला होता. म्हटलं झोप लागली. पण तुम्ही हात पुढं केलात. "कार्ड घे. आता खरं लिव्ह. लेकाची लाज राखली, पण लेकीचं घर न्हाई बुडवायचं मला. लिव्ह, सखू, पानी खारं हाय. माती फाटती. येऊ नगंस."

मी लिहिलं. तुम्ही म्हणालात, वाच. मी तुमचेच शब्द तुम्हाला ऐकवले, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. तुम्ही म्हणालात, "येऊ नगंस कुठं लिवलंस? दाव."

आत्याबाई, मी तुमचं बोट धरलं आणि कागदावर ठेवलं. त्याच्याखाली "या" लिहिलं होतं. "सगळं छान आहे, तुम्ही नक्की या," एवढंच होतं त्या कार्डावर. तुम्ही नेहमीसारखं बोट ठेवून राहिलात. "बरं झालं बाई," म्हणालात. मला अजून तो शब्द झोपू देत नाही.

का केलं मी असं? लबाडी तुमच्याकडून शिकले, असं म्हणून मोकळी होऊ का? नाही होता येत. तुम्ही दुसऱ्यासाठी खोटं बोललात, मी स्वतःसाठी. तुम्ही जाणार हे मला दिसत होतं. मग ह्या घरात आपल्या गावाचं कोण उरणार होतं? हे वर्षातले पाच महिने जिनात. यमू इथल्यांतलीच झालेली. मला वाटलं, वन्सं आल्या तर त्या दारात बसून ज्वारी निवडतील, आमच्या ओढ्याचं, आमच्या चिंचेचं, आमच्या माणसांचं बोलतील. मला माणूस हवं होतं हो. एवढंच.

मार्गशीर्षात तुम्ही गेलात. तेरावा झाला आणि हे परत अकोल्याला गेले. त्यानंतर ह्या घरात कुणी मला शाळावाली म्हटलेलं नाही. भांडायला सुद्धा कुणी नाही. परवा पाट्यावर चटणी वाटताना माझी मीच म्हणाले, "मीठ कमी हाय," तुमच्यासारखं, आणि वाट बघत बसले. कशाची, देव जाणे! देवकाबाई येतात रोज. "काहून वं, एकटीच बसून राहिली? चाल आमच्या घरी." मायेचं माणूस आहे. मी जाते, बसते. पण मी "आमच्याकडं" म्हटलं की त्यांना ते डोळ्यापुढं दिसत नाही, आणि मग मी उठून घरी येते.

खरं सांगू? काल दिवसभर मनात आलं, काही लिहूच नये. उत्तर गेलं नाही तर काय, पत्रं गहाळ होतातच की. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. त्या येतील. आल्यावर बघू. मी मनातल्या मनात त्यांची अंथरुणंसुद्धा घातली.

मग वाटलं, येतील तेव्हा चैत्र असेल. झिरा आटलेला असेल. उन्हातून आलेल्या वन्संच्या हातात मी विहिरीच्याच पाण्याचा तांब्या देणार. त्या पितील. एवढंसं थांबतील. आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणतील, "गोड आहे हं, वहिनी." कारण त्या तुमच्याच लेक ना! ते मला ऐकवणार नाही, आत्याबाई. सगळं विकून आलेल्या बाईच्या तोंडून ते मला ऐकवणार नाही.

म्हणून आज सकाळी कार्ड लिहिलं. असं लिहिलंय, "वन्सं, शेत विकू नका. इथलं पाणी खारट आहे. पहिल्या दिवसापासून खारट होतं. आत्याबाईंनी शेवटी येऊ नका असं सांगितलं होतं, मी या असं लिहिलं. मी एकटी पडले होते, म्हणून लिहिलं. आत्याबाईंवर राग धरू नका, माझ्यावर धरा."

आता त्या मला पुन्हा पत्र लिहितील की नाही, माहीत नाही. नाही लिहिलं, तर तेही मीच ओढवून घेतलं. ह्यांनाही पाडव्याला आल्यावर सगळं सांगायचं आहे. विहिरीचं ते कधीच समजले असतील. सांगायचं ते कार्डाचं.

तुम्हाला एक वचन देते. आजपासून ह्या घरातून जाणारं प्रत्येक पत्र मी तुमच्या जागी, खांबापाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवीन, आणि जे लिहिलं असेल तेच वाचीन. आज तसं वाचलं. यमू विचारत होती, कुणाशी बोलून राहिली वं आई? तिला म्हटलं, आजीशी. मग तिचं बोट धरलं आणि "येऊ नका"वर ठेवलं. तिला वाचता येतं. तिनं वाचलं.

तुमची शाळावाली,
तानू