कॅनमधली अंगठी ज्याची असेल त्याची

मी, संदेश रावजी भोंग, वय २७ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा नोकरी (दूध प्रकल्पात पिशव्या भरण्याच्या यंत्रावर मदतनीस), मूळ राहणार बावडा, ता. इंदापूर, सध्या भाड्याची खोली, बारामती एमआयडीसीजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मला व्यसन नाही. कोणी दडपण आणलेले नाही. उलट सगळे हसत आहेत.

कारण असे, की सोमवारी माझ्या मूतखड्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले किरकोळ आहे. पण संमतीच्या फॉर्मवर सातव्या ओळीत मृत्यूही येऊ शकतो असे छापले आहे. मी नर्सबाईंना ती ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, "अहो दादा, हे कुणी वाचत नाही." मी वाचले आहे, त्यामुळे आता इलाज नाही.

१. बावड्याचे घर वडिलांच्या नावावर आहे. ते हयात आहेत. त्यात मी पडत नाही.

२. मोटरसायकल पत्नी मोना हिला. तिला चालवता येत नाही, तिने शिकावे. पुढचा ब्रेक उशिरा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

३. पान्यांचा संच धाकटा भाऊ विशाल याला. त्यातला एकही पाना सोपान देवकाते, तूप विभाग, कप्पा नंबर ३१, यांना उसना देऊ नये. त्यांच्याशी माझे दोन वर्षे बोलणे नाही. का, ते कलम ५ मध्ये येईल.

४. माझ्यामागे मोनाने कंपनीच्या ऑफिसातून अडचण मदतीचा अर्ज आणावा. कर्मचाऱ्याला व त्याच्या घरच्यांना ती मिळते. 'अडचणीचे स्वरूप' या चौकटीत दोनच ओळी मावतात, बारीक लिहावे. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत आहेत. मंजुरीला दोन महिने लागतात, घाबरू नये. त्याआधी फाटकावर कॅन ठेवतील.

५. कॅनचे सविस्तर लिहितो, कारण खरे तर त्यासाठीच हा कागद आहे.

कामगारावर वेळ आली की पगाराच्या दिवशी फाटकाजवळ दुधाचा रिकामा कॅन ठेवतात. त्याच्या तोंडावर टॉवेल असतो. सुटी झाल्यावर प्रत्येकाने कोपरापर्यंत हात घालायचा. द्यायचे आहे त्यानेही, द्यायला नाही त्यानेही. मूठ मिटून आत, उघडी बाहेर. कोणी काय टाकले ते बघायचे नाही आणि पुढे कधीही विचारायचे नाही. त्यामुळे देणाऱ्याचा मोठेपणा होत नाही आणि नसणाऱ्याची लाज निघत नाही.

आमची राजलक्ष्मी सातव्या महिन्यात झाली व एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती, तेव्हा कॅन माझ्यासाठी ठेवला. मी बाजूला उभा होतो. सोपानरावांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मला वाटले, रिकामाच घातला. वर म्हणाले, "रडतूस काय? पोरगी हाय ती, लोणी न्हाय इतळायला." ते मला लागले. तेव्हापासून मी त्यांना राम राम केलेला नाही.

घरी कॅन पालथा केला, तर नोटांबरोबर सोन्याची अंगठी निघाली. पातळ, आतून पांढरा दोरा गुंडाळलेली. म्हणजे कोणाला तरी सैल होत होती. पेटीचे शेवटचे चार दिवस मी ती सराफाकडे ठेवून काढले. पुढे सोडवून आणली. पोरगी वाचली. पण अंगठी दिली होती की निसटली होती?

कामावर येताना अंगठ्या-घड्याळे फाटकावरच्या नंबरी कप्प्यांत काढून ठेवायची असतात, जाताना घालायची. हाताला ओशटपणा राहतो. निसटू शकते. निसटली असेल तर ठेवून घेणे ही चोरी. दिली असेल तर परत करणे हा अपमान. विचारायचे तर तसा नियम नाही. आणि ज्याची निसटली तोही मागणार नाही, कारण कॅनमधले परत मागणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. कोणाचा कप्पा रिकामा झाला ते मी बघितले नाही, तेही विचारल्यासारखेच. दोऱ्याला तुपाचा वास येतो, पण आमच्याकडे डब्यातल्या भाकरीलाही तुपाचा वास येतो.

मोना म्हणाली, "देवानं दिली समजा." आई म्हणाली, "देव काय तुपाच्या हातानं देतो व्हय गं?" मला दोघींचेही पटले.

तरी लिहून ठेवतो, की सदर अंगठी ज्याची असेल त्याची. मोनाने ती घालू नये. मालक न सापडता मी गेलो तर माझा जीव तीत अडकेल असे वाटते. हे कायद्यात बसते की नाही, माहीत नाही.

६. साक्षीदार. टायपिंगच्या दुकानातले म्हणाले, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. अंगठी कंपनीतल्या कोणाचीही असू शकते. म्हणून साक्षीदाराने कलम ५ वाचून 'ही अंगठी माझी नाही' असे म्हणावे व मगच सही करावी. पहिले साक्षीदार फाटकावरचे वॉचमन दत्तोबा शेंडगे. दुसरे मी मुद्दाम सोपानराव निवडले आहेत. ज्याचे आपल्याशी वाकडे, तो आपल्यासाठी खोटी सही करणार नाही.

सही करतेवेळची नोंद (फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर):

दत्तोबा म्हणाले, "माझी न्हाय बाबा. माझ्या बोटात आजवर विळ्याबिगर काय गेलं न्हाय." त्यांनी सही केली.

सोपानरावांनी कागद घेतला. कलम ३ वर हसले. "पाना द्यायचा न्हाय व्हय मला? भारी हायस की." मग कलम ५ वाचले. दोनदा वाचले. पेन उघडले, परत बंद केले. म्हणाले, "चष्मा न्हाय आणला. दुसरा कुनी बघ."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी म्हणालो, "सोपानराव, नुसतं 'माझी न्हाय' म्हणा आन् सही करा."

ते दत्तोबांकडे बघत राहिले. दत्तोबा फाटकाकडे बघत राहिले. मग सोपानरावांनी विचारले, "पोरगी चालती का आता?"

"पळती."

"मग झालं की," म्हणाले, आणि गाडीला किक मारून गेले.

दिली होती की निसटली होती, हे मला अजूनही कळलेले नाही. विचारणार नाही.

सबब कलम ३ मधील पान्यांबाबतची मनाई खोडली आहे. कलम ५ मध्ये कोणाचेही नाव घातलेले नाही. अंगठी दोऱ्यासकट कप्पा नंबर ३१ मध्ये ठेवावी. वाचलो तर मीच ठेवीन आणि राम राम करीन. नाहीतर मोनाने दत्तोबांच्या हाती द्यावी. ते काही विचारणार नाहीत.

खाडाखोड माझीच आहे. प्रत्येक ठिकाणी सही केली आहे.

लिहून ठेवणार: संदेश रावजी भोंग
साक्षीदार १: दत्तोबा शेंडगे
साक्षीदार २: सोपान देवकाते (खोडले, सं. रा. भोंग) म्हस्कू वाघमोडे, चहावाले, कंपनीत कधीही कामाला नव्हते

ठिकाण: बारामती
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५