चोरखमाऱ्याची मगर

१ सप्टेंबर १९५८, सोमवार
हेडमास्तर यादोराव गुरुजींनी सातवीसाठी वृत्तपत्र-वाचनाचा तास अखेर मंजूर केला. गुण दिसला नाही तर त्या तासाला मी मुलींना शिवण शिकवायचे, अशी अट आहे. मॅट्रिकला मराठीत पहिली आलेल्या मुलीने सुईत दोरा ओवावा, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. शिवाय तो मला ओवता येत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
छापील मजकुराला विचारायचे तीन प्रश्न शिकवले: कोणी सांगितले? कोणी पाहिले? कोणाचा लाभ? वर्ग इतका निःशब्द, की स्वतःच्या प्रभावाची भीती वाटली. शेवटच्या बाकावरची रुख्मा तेवढी म्हणाली, "बाई, जरा जोरानं सांगा, आयकाले येऊन नाही राहिलं." खोलीची रचना सदोष आहे.

१० सप्टेंबर, बुधवार, सायंकाळी
उद्या प्रयोग. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवरील बातमीफलकावर खोटी बातमी लिहिली: 'चोरखमाऱ्याच्या तलावात मगर दिसली.' मुले तिला प्रश्न विचारून खोटी ठरवतील. अक्षर फार सुरेख आले.

११ सप्टेंबर, गुरुवार
प्रयोग यशस्वी. रुख्माने विचारले, "थे मगर कोनं पायली?" कोणीच नाही, ती मी रचली, असे मी वर्गाला स्पष्ट सांगितले. शेवटच्या बाकांपर्यंत ते पोचले असावे. फलक पुसवला नाही; असे अक्षर रोज येत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार, पोळा
गावातला एकही बैल तलावावर धुवायला गेला नाही. मी राहते त्या घरचे बकारामजी आपली जोडी विहिरीवरच धूत होते. पाणी ओढत होत्या त्यांच्या पत्नी नंदाबाई. म्हणाल्या, "कोन मेल्यानं मगर पायली? माहे हात तुटून राहिले." मी मनापासून हळहळले. बकारामजींना समजावले, की ही बातमी निराधार आहे. ते म्हणाले, "तुमाले काय मालूम, बाई? शाळेच्या भितीवर लिवलं हाय." लेखिकेचे नाव मी सांगितले नाही. आत्मप्रौढी मला आवडत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
नागपूरच्या दैनिकात बातमी. इथले वार्ताहर केशोराव, एरवी धानाचे व्यापारी, लिहितात: मगर नऊ फूट लांब असून एका सुविद्य शिक्षिकेने ती प्रत्यक्ष पाहिली. लांबी मी लिहिली नव्हती. म्हणजे त्यांनी स्वतंत्र चौकशी केलेली दिसते. 'सुविद्य' हा शब्द नेमका आहे. ज्याला एक गोष्ट नेमकी कळते, त्याला दुसरीही कळत असणारच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
यादोराव गुरुजी स्वतः तास पाहायला मागे येऊन बसले. रुख्माने ती बातमी मोठ्याने वाचली आणि तिन्ही प्रश्न ओळीने विचारले. एकही चुकला नाही. मग सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. ती म्हणाली, "शिक्षिका तं गावात तुमीच एक हा, बाई. तुमी पायली का?"
होय म्हणावे तर खोटे. नाही म्हणावे तर 'सुविद्य'चे काय? मी म्हणाले, "वर्तमानपत्रात आले आहे."
हे वाक्य शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेले. नोकरीला लागल्यापासून प्रथमच. गुरुजींनाही ऐकू गेले.

२२ सप्टेंबर, सोमवार
शिवणाचा पहिला तास. सुईत दोरा रुख्माने ओवून दिला. प्रश्न एकही विचारला नाही, हा तिचा चांगुलपणा.
येताना तलावाच्या पाळीवर बकारामजी बैल धूत होते. "मगर नाही हो, बाई," ते ओरडले, "आता सर्वायले मालूम हाय. या इकडूनच."
मी शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, बांधांवरचा चिखल तुडवत, लांबच्या वाटेने आले. नऊ फूट, असे छापले होते.