डाव्या बाहीचा फोटो

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. खरोखरच साष्टांग, कारण हे लिहिण्याआधी तासभर फरशीवर पालथा पडून होतो. का, ते पुढे येईलच. तुझी कंबर कशी आहे? रफू करताना खिडकीजवळच्या त्या बिनपाठीच्या स्टुलावरच बसतेस का अजून? मी ठीक. वजन वाढलंय, अक्कल होती तेवढीच आहे.

मला एका बटणांच्या कारखान्याचं काम मिळालंय. त्यांच्या नमुन्यांच्या पुस्तकासाठी तीनशे बटणांचे फोटो काढायचेत, तेही इतक्या जवळून की भोकाची कड दिसली पाहिजे. त्यासाठी मॅक्रो लेन्स लागते. आणि माझा खिसा तुला ठाऊक आहे. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, मी पाय पोटाशी घेऊनच बसलोय.

आधी साध्या लेन्सवर चढवायची भिंगाची काच आणली. मधलं बटण झकास, कडेची सगळी वितळल्यासारखी. मग लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या आणल्या. त्या बऱ्या निघाल्या, पण बटणाच्या इतकं जवळ जावं लागायचं की माझीच सावली त्यावर. शेवटी दुकानदाराने (भुवया उडवत बोलतात, म्हणून मी त्यांना भुवयाकाका म्हणतो) कपाटाच्या तळातून एक जुनी नव्वद मिलिमीटरची मॅक्रो लेन्स काढली. जरा लांबून फोटो घेते, सावली पडत नाही, आणि नव्या लेन्सच्या पाव किमतीत.

"हिचा फोकस हातानेच करावा लागतो," म्हणाले. "पण एवढ्या जवळून काढताना माणूस तसाही स्वतःच पुढेमागे होतो. दोन दिवस घरी न्या. विणलेल्या कापडावर तपासा. धागे कडेपर्यंत सरळ दिसले तरच ठेवा."

माझ्या घरात विणलेलं जाड कापड कुठलं असणार? माळ्यावर तुझं पुडकं होतं.

हो, तेच. शेजारच्या काकूंच्या हाती पाठवलेलं. तीन वर्षं मी त्याची गाठ सोडली नव्हती. आत माझा कोट आहे हे माहीत होतं. 'बघ काय केलंस ते' म्हणून तो तू फाटकाच पाठवला असशील, असं मी धरून चाललो होतो. तुझ्या जागी मी असतो तर तसंच केलं असतं ना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला निघताना मित्रासमोर मी म्हणालो होतो, "हिची ठिगळं लावलेला कोट घालून मी जाणार नाही." तू माझी डावी बाही धरलीस, मी हिसका दिला, खांदा टरकन फाटला. मी मित्राचा कोट घालून गेलो. नोकरी मिळाली नाही, हे तुला कधी कळवलं नाही.

आज गाठ सोडली. खांद्याशी फाटलेलं काहीच नव्हतं. कोट फरशीवर पसरला, पालथा पडलो आणि डाव्या बाहीचे चाळीस फोटो काढले. एका जागी वीण जरा जाड दिसली. म्हटलं, सापडलं ताईचं रफू. तर ती कापडाची मूळचीच गाठ निघाली. मग कोट उलटा केला. आतल्या दुमडीत, जिथे कुणी बघायला जात नाही, तिथले धागे विरळ झालेत. कोटाचेच धागे काढून तू कोटाला लावलेस. दुमड दोन ठिकाणी उपसलीय. एकदा कोपराच्या जुन्या रफूसाठी, ते मला माहीत होतं. दुसऱ्यांदा खांद्यासाठी, मी तोंड वाजवून निघून गेल्यावर.

ताई, जवळून बघण्यासाठी मी तीन-तीन साधनं पारखत बसलोय. तू चष्म्याशिवाय, नुसत्या बोटांनी बघतेस. तुझ्यासारखी कारागीर मी पाहिलेली नाही आणि हे मला त्याच दिवशी मित्रासमोर म्हणायला हवं होतं. मी चुकलो. मला माफ कर.

लेन्स ठेवतोय. धागे कडेपर्यंत सरळ आहेत. एक फोटो सोबत पाठवतोय, पण खांद्याचं रफू नेमकं कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या रविवारी येतो. दार उघडलंस तर खांद्यावर बोट ठेवून दाखव.

कोट घालूनच येईन.

तुझा,
धाकटा