झिंग्यांवर अध्यायाचा विजय

मुक्काम सावली. मार्गशीर्ष, रविवारची सायंकाळ.

आज अस्मादिकांचे वैराग्य थोडक्यात बचावले. पारायणाचा पाचवा दिवस. पोथी पूर्ण होईतो मत्स्याहार वर्ज्य, हा देवासमोर केलेला संकल्प. आणि नेमका आज आमचा शालक वैनगंगेचे झिंगे घेऊन प्रकटला! चुलीवरचा तो सुगंध... मन म्हणाले, देव क्षमाशील आहे. केवढा तत्पर शास्त्रार्थ!

"भाऊजी, उठा न! थंडे होऊन राह्यले," शालक गरजला.

अध्याय अर्धवट टाकून आसन सोडता येत नाही, हा नियम स्मरला. म्हणून एक संपताच श्वास न घेता दुसरा आरंभिला, मग तिसरा. प्रारंभी हे निव्वळ पलायन होते. सुगंध तर अध्यायागणिक समीप येत होता. परंतु पोथीतील भक्ताला राजाने सुवर्णाचे आमिष दाखवले, तिथे मी खरोखर गुंतलो. झिंगे केव्हा विस्मरले, कोण जाणे.

घसा कोरडा पडून थांबलो, तर शालक देवघराच्या दाराशी मांडी घालून बसलेला.

"थांबले काऊन? त्यानं सोनं घेतलं का नाई? वाचा न समोर!"

पुढचा अध्याय मी अत्यंत उच्च स्वरात वाचला. स्वयंपाकघरातील झिंगे तेवढ्यात मांजरीने भक्षिले. तिचा काही संकल्प नव्हता.